आंबे भरपूर, इन्सुलिन बेताचं

पाडवा, 25 मार्च 2020. काल रात्री आठला टीव्हीवर टाळेबंदी ऐकली. सकाळपासून वाडीत घरोघरी तांदूळ-डाळ मोजणं चालू आहे. मी फ्रिजच्या दारातल्या कुप्या मोजल्या. तीन. एका कुपीत 10 मिली, म्हणजे 400 युनिट. माझे सकाळी 22 आणि रात्री 14. एक कुपी अकरा दिवस. पुढचं गणित पाचवीतलं पोरही करील.

कडुलिंबाचा पाला वाटताना ही दरवर्षीप्रमाणे म्हणाली, "अहो, तुम्ही दोन पानं जास्त खा."

*

एसटी बंद. बंड्या स्कूटरवरून दापोलीला जातो आणि वाडीतल्या सात जणांची औषधं आणतो. प्रत्येकाची चिठ्ठी नि पैसे वेगळ्या पिशवीत. पोलिसांनी अडवलं की सातही चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पसरून दाखवतो.

*

अक्षय तृतीया झाली. पडवीत अढी भरलेली, माजघरातही अढी. वाशीच्या बाजाराचा भरवसा नाही. काही बागायतदार पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना थेट पेट्या पाठवतायत. मला ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं गिऱ्हाईक जमलं नाही. घरभर हापूसचा वास, आणि मी दिवसाला एक फोड. (दीड. ही वही ही वाचत नाही.)

*

साखर चार दिवस 300 च्या वर. हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मीही मनातून आंब्यालाच दोष देत होतो.

पाचव्या दिवशी चष्मा लावून सिरिंज पाहिली. टोपी नारिंगी! आमच्या कुपीवर 40 छापलेलं असतं, म्हणजे एका मिलीत 40 युनिट. तिला लाल टोपीची सिरिंज लागते. नारिंगी असते 100 वाल्या औषधाची. तिच्यावरच्या 22 च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जातात जेमतेम 9. दुकानात लाल संपल्या असतील, दुकानदाराने हाताला आली ती दिली, बंड्याने आणली, मी टोचली. तिघांपैकी वीस वर्षांचा अनुभव फक्त मला होता.

उलटं झालं असतं, म्हणजे 100 चं औषध लाल टोपीच्या सिरिंजमधून, तर अडीचपट गेलं असतं. मग हे टिपण लिहायला मी नसतो.

*

मुंबईकर आले. शाळेत चौदा दिवस विलगीकरण. आशाताई वही घेऊन दारात आली. माझ्या नावापुढे लाल पेनाने 'शुगर' लिहिलं आणि पायरीवरून एक पाऊल मागे सरकली. तिचंही बरोबर आहे. पण आजार मला आहे, माझ्यापासून तिला नाही.

*

3 जून. निसर्ग चक्रीवादळ. दुपारभर घर धरून बसलो. माडाच्या झावळ्या नव्हे, अख्खे माड उडाले. संध्याकाळी वीज नाही, मोबाइलचा टॉवर नाही, रस्ता कुठे ते दिसत नाही. फ्रिज म्हणजे आता नुसतं कपाट. त्यात दोन कुप्या.

कुणी म्हणालं, मातीच्या मडक्यात ओली वाळू घालून ठेवा. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते चालतं. इथे जूनच्या दमट हवेत वाळू नुसती ओली राहते, गार होत नाही. कुणी म्हणालं, बर्फ मिळाला तर बर्फात. नको रे बाबा. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.

शेवटी विहीर. कुप्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पेढ्यांच्या जुन्या डब्यात, डबा सुंभाने बांधून पाण्याच्या वर हातभर लोंबकळत. तिथे फ्रिजची थंडी नसते, पण चालू कुपी 25-30 अंशांच्या आत चार आठवडे टिकते. कुपीवर पेनने तारीख घातली. सकाळ-संध्याकाळ डबा ओढताना हात भरून येतात. पेढ्यांचा डबा इतक्या श्रद्धेने मी आधीही उघडत होतो म्हणा.

*

जूनची 11 की 12. आडव्या पडलेल्या कलमाच्या फांद्या तोडत होतो. चाळीस वर्षांचं झाड. सकाळचे 22 घेतलेले, न्याहारी अर्धी टाकून उठलेलो. कोयता एकदम जड झाला. घाम गार. बंड्या "काका, काका" म्हणतोय ते वाडीपलीकडून आल्यासारखं. यंत्रावर 54.

साखरेचं पाणी लवकर लागू पडतं, पण साखरेचा डबा कुठे लपवलाय ते फक्त हिला ठाऊक, आणि ही डबा ओढायला विहिरीवर. पडवीच्या फळीवर, माझा हात पोचू नये इतक्या उंच, कागदात आंबापोळी ठेवलेली. मे महिन्यातल्या न खपलेल्या आंब्यांची. बंड्याने स्टुलावर चढून काढली. भलती चिवट. अर्धी गालात, आणि थरथरत्या हाताने बाटलीतल्या पट्ट्या मोजतोय. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं म्हणजे आणखी एक गेली. उरल्या सहा.

"काका, तोंड बंद करून चावा," बंड्या म्हणाला, आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला.