गोळीची किंमत विचारायला शिकवणारे

बडोद्यात औषधधंदा जुना. कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय उभारणारे त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली अलेंबिक काढली. त्याच कलाभवनात मी बी.फार्म. केलं. गोळी पोटात किती वेळात विरघळते हे शिकलो. ती बनवायला किती पडते आणि विकली कितीला जाते, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

नोकरी एमआरची, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीची लागली. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी हा माझा भाग. डॉक्टरांच्या तोंडी आमच्या ब्रँडचं नाव बसवायचं, एवढंच काम. एकदा केमिस्टकडे उभा असताना एक बाई चिठ्ठी घेऊन आल्या. पाच दिवसांचं अँटिबायोटिक होतं. किंमत ऐकून म्हणाल्या, "भाऊ, चारच गोळ्या द्या, बाकीच्या पगार झाल्यावर नेते." केमिस्टने कात्रीने पट्टी कापली. ब्रँड माझाच होता.

त्याच सुमारास कॉलेजातल्या एका सीनियरने लोकॉस्टचं 'अ ले पर्सन्स गाइड टू मेडिसिन' हे पुस्तक हातात ठेवलं. लोकॉस्ट हा १९८३ पासून बडोद्यात काम करणारा ट्रस्ट. स्वयंसेवी दवाखान्यांसाठी आवश्यक औषधं मूळ नावाने, परवडेल अशा दरात बनवतो. माझ्याच गावात हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. औषधाच्या बाजारात निवड डॉक्टर करतो, पैसे रुग्ण देतो, म्हणून स्पर्धा असूनही भाव उतरत नाहीत, हे मला त्या मंडळींमुळे उमगलं. माझा पगार याच फटीतून येत होता.

नोकरी सोडायला त्यानंतरही काही वर्षं गेली. घरचे हप्ते होते.

दरम्यान, २००३ मध्ये लोकॉस्ट आणि ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्कसह काही संस्था औषधांच्या किमतींसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पुढे सरकारच्या २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने ३४८ औषधं किंमत-नियंत्रणाखाली आली. पण कमाल किंमत उत्पादनखर्चावरून नव्हे, बाजारातल्या ब्रँडांच्या सरासरीवरून ठरली. मुळात फुगलेल्या भावांची सरासरी काढून रुग्णाला कितीसा दिलासा मिळणार? ही माणसं तरीही लढत राहिली. नफा कमावणं गुन्हा नाही, असं मी आजही मानतो. पण आजाऱ्याची अगतिकता हिशोबात धरून लावलेला भाव मला पटत नाही.

आता माझं छोटं मेडिकल स्टोअर आहे. जेनेरिक औषधांचा कप्पा समोरच ठेवलाय. त्यावर मार्जिन कमी सुटतं, पण घर चालतं. लोकॉस्टच्या मंडळींशी माझी कधी नीट ओळखही झाली नाही. ऋण मात्र मोठं आहे.

वाचकांना एकच विनंती: चिठ्ठी हातात आली की तिथेच डॉक्टरांना विचारा, "याचं मूळ नाव काय, आणि यात स्वस्त काही चालेल का?" विचारायला संकोचू नका.