आधी थांबायला शिका

पूर्वी ड्रायव्हर तयार व्हायचा तो क्लीनरमधून. मिसरूड न फुटलेलं पोर उस्तादाच्या हाताखाली काचा पुसत, टायर बदलत, ताडपत्री बांधत वर्षं काढायचं आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर कधीतरी उस्ताद त्याच्या हाती स्टेअरिंग द्यायचा. त्यात शिव्या, मार, उपासही होते. त्या दिवसांचं कौतुक नको. पण घाट कसा उतरायचा, हे त्या पोराला न शिकवता समजायचं. आता क्लीनरचा खर्च मालकांना जड होतो आणि बऱ्याच गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो. नवा माणूस थेट लायसन्स घेऊन येतो. कुणी रिक्षा विकून, कुणी कारखान्यातून कमी केलं म्हणून, कुणी कांद्यात हात पोळले म्हणून. मीही पस्तिशीत इचलकरंजीतलं यंत्रमागाचं काम सोडून या लाईनला आलो. पुढे क्लच दाबून दाबून डावा गुडघा बोलायला लागला, तेव्हापासून एका ट्रान्सपोर्टमध्ये नवे ड्रायव्हर तयार करतो. सगळ्यांना सांगणं एकच असतं. गाडी चालवणं दोन-तीन महिन्यांत जमतं. थांबायला शिकणं अवघड, आणि या धंद्यात माणूस टिकतो तो त्याच्यावर.

कागदोपत्री वाट सोपी आहे. ट्रान्सपोर्टची गाडी चालवायला वय 20 लागतं आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स हाती येऊन किमान वर्ष व्हावं लागतं. मग मेडिकल, ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट, आरटीओची परीक्षा. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी सरकारने 2021 पासून अवजड वाहनांचा 6 आठवड्यांत 38 तासांचा अभ्यासक्रम ठरवून दिला आहे. जवळपास असं केंद्र असेल तर तिथेच जावं. गल्लीतल्या स्कूलची गाडी बहुधा जुनी आणि रिकामी असते, आणि रिकाम्या गाडीवर बसलेला हात भरलेल्या गाडीवर दगा देतो. केमिकलचा किंवा गॅसचा टँकर चालवायचा असेल तर वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते.

आठवीची अट गेली, पण वाचता येणं सुटलेलं नाही. बिल्टी, ई-वे बिल, वजनकाट्याची पावती हे सगळं ड्रायव्हरच्या हाती असतं, आणि त्यातला एक आकडा चुकला तरी गाडी नाक्यावर अडकून पडते. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांचा डॅशबोर्डही वाचावा लागतो. यूरियाची टाकी संपत आल्याचा दिवा लागला आणि ड्रायव्हरने तो सोडून दिला, की गाडी स्वतःहून ताकद कमी करते. भर चढावर असं झालं की नवा माणूस ‘इंजिन गेलं’ म्हणून मालकाला फोन लावतो.

आमच्याकडे पहिल्या दिवशी मी कुणाला सीटवर बसवतच नाही. हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, देतो आणि गाडीभोवती फिरायला लावतो. मागच्या जोडचाकांतलं आतलं टायर बसलं तर बाहेरून दिसत नाही, कारण बाहेरचं टायर दोघांचं वजन घेऊन ताठ उभं असतं. म्हणून टॉमीने ठोकायचं. हवा बरोबर असेल तर टॉमी टणकन उडून हात मागे फेकते. बसलेल्या टायरचा आवाज भद्द येतो आणि टॉमी तिथेच मरते. आठवडाभर ठोकलं की कान तयार होतो. मग हवेच्या टाकीचा कॉक उघडून साचलेलं पाणी सोडायचं, ताडपत्रीचे दोर ओढून बघायचे, फाळक्याच्या कड्या बघायच्या. वीसेक मिनिटं जातात. ही वीस मिनिटं ज्याला जड वाटतात, त्याला मी लांबच्या रूटला पाठवत नाही.

आता घाट. साताऱ्याकडून येताना नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं, की पुण्यात नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. तिथे भरलेला ट्रक पुढच्या गाड्यांवर गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. बातमीत ‘ब्रेक फेल’ असतं. त्यामागे पुष्कळदा न्यूट्रल असतो, आणि न्यूट्रलमागे डिझेलचा हिशेब. अनेक ठिकाणी मालक ट्रिपचं डिझेल ठरवून देतो. वाचलं तर ड्रायव्हरचं, कमी पडलं तर त्याच्याच खिशातून. मग उतार दिसला की हात आपोआप गिअरवर जातो.

तीस टनांची गाडी न्यूट्रलवर सोडली की तिला धरायला फक्त चाकांचे ब्रेक उरतात. लायनर ड्रमवर घासून तापतात आणि तापले की पकड सोडतात. पाय पुन्हा पुन्हा दाबला की टाकीतली हवा उतरते, आणि इंजिन आयडलवर असल्याने कॉम्प्रेसर ती तेवढ्या वेगाने भरून काढत नाही. जळका वास नाकात येतो तेव्हा गाडी खालच्या गिअरमध्ये पडण्याच्या पलीकडे गेलेली असते. आणि एवढं करून पदरात काय? आजच्या इंजिनात गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे जिवावर उदार होऊन वाचवलेलं डिझेल मुळात वाचलेलंच नसतं. गणित नव्या मुलांना लगेच पटतं. वीस वर्षं न्यूट्रल मारलेल्यांना पटत नाही.

म्हणून खंबाटकी असो, कसारा असो, नियम एकच. गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायची. तो गिअर माथ्यावरच टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक लावायचा आणि पायाचा ब्रेक मधून मधून वापरायचा. मागचा कितीही हॉर्न मारो.

घाट निदान दिसतो, झोप दिसत नाही. पहाटे दोन ते पाच हा वेळ वाईट. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर 90 मीटर रस्ता कुणीच पाहिलेला नसतो. चहा, तंबाखू, मोठ्याने गाणी, तोंडावर पाणी हे सगळे उपाय पंधरा मिनिटांचे. झोपेवर औषध झोप. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने 8 तासांचा दिवस आणि सलग 5 तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली होती. हे किती ड्रायव्हरांना कुणी सांगितलं असेल? ई-वे बिलाची मुदतही साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवस अशी मिळते. न्हावाशेवाहून दिल्ली सुमारे 1,400 किलोमीटर, म्हणजे 7 दिवस. तेव्हा सरकारच्या कागदाला घाई नसते. घाई असते ती मालकाच्या फोनवर. 2025 मध्ये नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तेव्हा ‘आता ड्रायव्हर झोपा काढतील’ असं म्हणणारे मालक मला भेटले. मे महिन्यात विदर्भात इंजिनशेजारी दुपार काढलेला माणूस रात्री किती जागा राहतो, हे त्यांनी एकदा बघावं.

तिसरं थांबणं आपल्या हाती नसतं. माल वेळेत पोचवायचा आणि गोदामाच्या गेटवर दोन-दोन दिवस गाडी खाली व्हायची वाट बघायची. आत टाइल्स लावलेलं स्वच्छतागृह असतं आणि वॉचमन ड्रायव्हरला तिथे सोडत नाही. नोकरी सोडून जाणारी नवी मुलं घाटाला घाबरून जात नाहीत, या गेटवरच्या अपमानाने जातात. बायकांसाठी तर हाच मोठा अडसर. मूळच्या नंदुरबारच्या आणि भोपाळला राहणाऱ्या योगिता रघुवंशी वकिलीची पदवी असताना, पती गेल्यानंतर मुलांसाठी ट्रकवर आल्या आणि देशभर माल पोचवत राहिल्या. त्यांच्या धैर्याच्या बातम्या पुष्कळ झाल्या. गेटवर एक दार उघडून देण्याची बातमी क्वचित वाचायला मिळते.

अपघाताबद्दलही आधीच बोलावं. जानेवारी 2024 मध्ये अपघातानंतर खबर न देता पळाल्यास नव्या न्याय संहितेत ठेवलेल्या 10 वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हर संपावर गेले आणि पंपांवर रांगा लागल्या. ते कलम सरकारने लागू करायचं थांबवलं. पण मोटार वाहन कायद्यातली जबाबदारी कायम आहे. जखमीला उपचार मिळवून द्यायचे. जमाव अंगावर आला तर कायदा तेवढ्यापुरती सूट देतो, पण मग जवळचं पोलीस ठाणं गाठून लवकरात लवकर, फार तर 24 तासांत, खबर द्यायची. पळून जाणं आणि पोलीस ठाण्यात जाणं यातला फरक नव्या माणसाला पहिल्या ट्रिपआधी समजलेला असावा.

तुमच्या घरातलं कुणी या लाईनला यायचं म्हणत असेल, तर ‘शेवटी ड्रायव्हरच व्हायचं का?’ असं विचारू नका. कमाई होते, देश बघायला मिळतो, वयाची पस्तिशी आड येत नाही. फक्त नोकरी धरण्याआधी त्याला मालकाला दोन गोष्टी विचारायला लावा : डिझेल कमी पडलं तर पैसे कोण भरणार, आणि रात्री झोप आली म्हणून गाडी बाजूला घेतली तर भत्ता कापणार का. दुसऱ्या प्रश्नावर मालक नुसता हसला, तर ती गाडी धरू नका. चांगल्या ड्रायव्हरांची टंचाई आहे, दुसरी गाडी मिळते.