शून्य रुपयांचं तिकीट

बेळगावचं घर भाड्याने देऊन मी मुलाकडे बेंगळूरला राहायला आले. मुलगा आणि सून सकाळी आठलाच कामावर जातात, नात शाळेत. पेन्शन बेताची. फिरण्यासाठी मुलाकडे पैसे मागायचे नाहीत, हे मी निघतानाच ठरवलं होतं. त्यामुळे पहिले काही दिवस गॅलरीत बसून गेले. शेवटी सून म्हणाली, "आई, आधार कार्ड घ्या आणि बसमध्ये बसा. तुम्हाला कुठे पैसे पडतात?"

खरंच की! ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसमधून प्रवास मोफत आहे. ओळखपत्र दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. एसी बसला मात्र पैसे पडतात. मी नियम केला: दर गुरुवारी बाहेर पडायचं, पर्समध्ये शंभर रुपये ठेवायचे आणि नात यायच्या आत घरी परतायचं.

पहिल्या गुरुवारी मॅजेस्टिकला बस बदलून लालबागला गेले. १७६० मध्ये हैदरअलीने सुरू केलेली ही बाग. काचघर पाहिलं, पण जास्त वेळ रमले ते खडकावर. तीनशे कोटी वर्षांचा जुना खडक म्हणे! त्याच्या माथ्यावर केंपेगौडांचा बुरूज आहे. तिथून सगळं शहर दिसतं. दुपारी 'दर्शिनी'त आधी पैसे भरून टोकन घेतलं आणि उभ्यानेच इडली-वडा खाल्ला. शेजारी दोन मैत्रिणी एकच कॉफी 'बाय-टू' करून पीत होत्या. ही पद्धत मला फार आवडली.

खरी अडचण वेगळीच होती. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं. कन्नड मी शेजारणींकडून आणि बाजारात शिकले, त्यामुळे बोलते घडाघडा, पण वाचता येत नाही. बेळगावात त्यावाचून कधी अडलं नाही. इथे बसची पाटी वाचायची तर पोरासोरांना विचारावं लागे, आणि या वयात त्याची लाज वाटे. शेवटी दुसरीतल्या नातीलाच गुरू केलं. तिने 'म' शिकवला, 'ल्ल' शिकवला.

पुढच्या गुरुवारी मल्लेश्वरमला निघाले. पाटीवर 'मल्लेश' एवढं वाचलं आणि मोठ्या आनंदाने बसमध्ये चढले. बराच वेळ झाला तरी मल्लेश्वरम येईना. मी कंडक्टर बाईंना विचारलं, "मल्लेश्वरम यावाग बरतैत्री?" त्या हसल्या. बस मल्लेशपाळ्यची होती, म्हणजे अगदी दुसऱ्या टोकाची! मग त्यांनी विचारलं, "अज्जी, हुब्बळ्ळि कडेयवरा?" माझ्या 'री'ने मला उघडं पाडलं होतं. बेळगावात आम्ही मराठी म्हणून ओळखले जातो, इथे मी हुबळीकडची झाले. त्यांनी मला परतीच्या बसचा थांबा दाखवला आणि "हळू उतरा" म्हणून बजावलं.

घरी नातीने पाटीचं कोडं सोडवलं. "अज्जी, 'श'च्या खालचा 'व' तू बघितलाच नाहीस." कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यापुढच्या गुरुवारी तो 'व' पाहूनच बसमध्ये चढले आणि काडु मल्लेश्वराच्या देवळात पोचले. 'काडु' म्हणजे रान. १६३८ नंतर बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. त्यांचा मुलगा एकोजी, म्हणजे शिवरायांचा सावत्र भाऊ, याने या देवाला गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. समोरच नंदीतीर्थ आहे. नंदीच्या मुखातून शिवलिंगावर पाण्याची धार पडते. १९९७ मध्ये माती उपसल्यावर ते पुन्हा उजेडात आलं. त्या थंडगार कुंडाशी बसले आणि या शहरात मी काही अगदीच परकी नाही, असं पहिल्यांदा वाटलं.

आता कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या शेंगांच्या परिशेला, म्हणजे जत्रेला, जायचं आहे. त्या दिवसापुरता गुरुवारचा नियम मोडीन. शून्य रुपयांची तिकिटं मी जपून ठेवते. त्यांच्या मागच्या बाजूला नात रोज मला एक जोडाक्षर लिहून देते.