उंच छपराची मोटार

आमच्या मोटारीस आमचे काही स्नेही ‘डबा’ म्हणतात. या शब्दाचा आम्हांस कधी राग आला नाही. डबा हा संसारातला मोठा उपकारक पदार्थ आहे. त्याची किंमत त्यात काय मावते यावरून ठरते, बाहेरच्या नक्षीवरून नव्हे. आमची वॅगन-आर याच जातीची. तिला नाक नाही, बांध्यात डौल नाही; आहे ती फक्त उंची.

या उंचीचा इतिहास मनोरंजक आहे. ही गाडी सुझुकी कंपनीने जपानात १९९३ साली काढली आणि १९९९ साली ती मारुतीच्या नावाने आपल्याकडे आली. जपानात ज्या चिमुकल्या मोटारींना करात सवलत मिळते त्यांना कायद्याने मापे घालून दिली आहेत. आज ती लांबीस ३.४ मीटर, रुंदीस १.४८ मीटर आणि एंजिनास ६६० घन सेंटिमीटर अशी आहेत. उंचीस मात्र दोन मीटरपर्यंत मोकळीक आहे. तेव्हा लहान जागेत घर बांधणारा गृहस्थ जे करतो तेच तेथल्या कारागिरांनी केले: आडवे वाढता येईना म्हणून ते उभे वाढले. आपल्याकडची गाडी अंगाने थोडी थोराड आहे, पण बांधा तोच.

छप्पर उंच असले म्हणजे बैठकही उंच ठेवता येते. सखल मोटारीत माणसाला उतरावे लागते आणि जीपसारख्या गाडीत चढावे लागते. या गाडीत तो घरच्या खुर्चीवर बसावा तसा नुसता बसतो. परतूरकडचे आमचे मामा फेटा न काढता हिच्यात बसतात, आणि फेटा न काढता उतरतात.

परंतु या बैठकीचे खरे मोल आम्हांस कळले ते आमच्या मातोश्रींमुळे. त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला त्याला आता बरीच वर्षे झाली. कोणाच्या सखल मोटारीतून लग्नकार्यास गेले की परतताना दोघांनी बखोटीस धरून त्यांना बाहेर काढावे लागे. चारचौघांत असे उचलून काढले जाणे त्यांना सोसेना. पुढे पुढे निमंत्रण आले की “माझ्यावाचून कोठे अडले आहे?” असे म्हणून त्या घरीच राहू लागल्या. गुडघे दुखतात हे त्यांनी सांगितले असते. मन दुखते हे सांगितले नाही.

आता त्या दाराकडे पाठ करून टेकतात, दोन्ही पाय आत घेतात आणि “चला” म्हणतात. राजूरच्या गणपतीस त्या जाऊन आल्या. रामनवमीस समर्थांच्या जांबेस गेल्या. अंबडला मत्स्योदरीच्या टेकडीच्या पायऱ्या त्यांच्याने चढवत नाहीत. तेव्हा पायथ्याशी, दार उघडे ठेवून, त्या बसल्या जागेवरूनच हात जोडतात.

गाडीत दोष नाहीत असे नाही. आमच्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत धावण्याची मुभा आहे. शेजारून एखादा अवजड ट्रक सुसाट गेला की आमची हलकी, उंच गाडी वाऱ्याने किंचित डोलते. आम्ही वेग आवरतो आणि आपली पायरी ओळखून डाव्या बाजूने चालतो.

आमच्या चिरंजीवांस हे पसंत नाही. जालना हे लोखंडाच्या कारखान्यांचे आणि बियाण्यांचे गाव. येथे दारापुढे उभ्या असलेल्या गाडीवरून घराची पत जोखली जाते. कर्ज काढून थोरली, चढून बसावयाची गाडी घ्यावी असा त्यांचा आग्रह आहे. “बाबा, काळ बदलला,” असे ते म्हणतात, आणि ते खोटे नाही. परवा त्यांनी तिचे रंगीत माहितीपत्रक आजीपुढे धरले. मातोश्रींनी चष्मा लावून ते नीट पाहिले, गाडीची स्तुतीही केली. मग त्यांनी विचारले, “का रे, हिच्यात मला बसता येईल, की उचलून ठेवावे लागेल?”

माहितीपत्रकात याचे उत्तर दिलेले नव्हते. चिरंजीव ते घडी घालून आत गेले.