मनूची यादी

रात्री अकराच्या सुमारास मनू उठून बसली आणि तोंड घट्ट मिटून रडायला लागली. दात दुखतोय का विचारलं तर मानेनेच नाही म्हणाली. बराच वेळ थोपटल्यावर हळूच बोलली, "त्या निळ्या बाईने बाळाचे सगळे दात ओढले."

ती तेव्हा सहा वर्षांची होती, पहिलीत. सकाळी मी माझ्या जुन्या फोनवरची हिस्टरी उघडली. सुरुवात एका बाहुलीच्या वाढदिवसापासून झाली होती. मग केक, मग डॉक्टर-डॉक्टर खेळणारी बाहुली, मग सुया, आणि अकरावा व्हिडिओ त्या दातांचा. पहिला मीच लावून दिला होता. पुढचे दहा आपोआप एकामागून एक लागत गेले, मनूने बोटही लावलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, गाणं ऐकू येत होतं आणि सगळं ठीक चाललंय असं मला वाटत होतं.

ओळखीच्या कार्टूनचे चेहरे घ्यायचे आणि त्यांच्या हातून इंजेक्शनं, रक्त, छळ दाखवायचा, या प्रकाराला 2017 मध्येच 'एल्सागेट' असं नाव पडलं होतं. मी तेव्हा त्याबद्दल वाचलंही होतं. पण तेव्हा मनू नव्हती, त्यामुळे ते वाचून मी पान उलटलं होतं.

मग मुलांच्या बघण्यावर लगाम घालणाऱ्या ॲपचा शोध सुरू झाला. मला वाटलं होतं, एक चांगलं ॲप घेतलं, वय घातलं की झालं. तीन संध्याकाळी तीन ॲप लावून बघितली, तेव्हा कळलं की यातली बहुतेक ॲप घड्याळं आहेत. किती वेळ बघितलं ते मोजतात, वेळ संपली की पडदा बंद करतात. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या सूचनांप्रमाणे दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कुणीतरी सोबत असताना, आणि पाच ते दहा वयाला दोन तासांपेक्षा कमी. ते मला मान्यच आहे. पण मनूला घाबरवणारा तो व्हिडिओ चार मिनिटांचा होता. मिनिटं मोजून तो अडला नसता.

साइट अडवणारी ॲपही बघितली. त्यांची अडचण वेगळी आहे. व्हिडिओ हल्ली सांकेतिक रूपात येतो, त्यामुळे अशा ॲपला फार तर साइटचं नाव कळतं, आत काय चाललंय ते कळत नाही. सोसायटीच्या वॉचमनला गाडीचा नंबर दिसतो, डिकीत काय आहे ते दिसत नाही, तसंच. म्हणजे एक तर अख्खी साइट बंद, नाही तर अख्खी उघडी.

एक फुकटचं ॲप मात्र सगळं बघू शकत होतं. त्याने 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागितली. ही सोय मुळात दृष्टिहीन माणसांना पडदा वाचून दाखवता यावा म्हणून आहे. ती एकदा दिली की पडद्यावर उमटणारं अक्षर न् अक्षर ते ॲप वाचू शकतं. शिवाय त्याचं चिन्ह लपवता येत होतं, म्हणजे पाळत आहे हे मुलाला कळणारच नाही. मी ते त्याच रात्री काढून टाकलं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात कंपन्यांनी मुलांच्या वागण्याचा माग ठेवू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत अशी तरतूद आहे. मग आईने ते चोरून का करावं? मनूला माझ्यापासून लपवायला शिकवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला सुचत नाही.

शेवटी दोन गोष्टींवर थांबले. मनूच्या टॅबच्या वेळेसाठी आणि नवं ॲप उतरवायच्या परवानगीसाठी गूगलचं फॅमिली लिंक. व्हिडिओंसाठी यूट्यूब किड्स. त्यात वयाचे गट आहेत, पण मी गट निवडला नाही. 'फक्त पालकांनी मंजूर केलेलं' असा एक पर्याय आत आहे, तो निवडला. त्यात शोधायची खिडकीच बंद होते, आणि मी घातलेले व्हिडिओ नि चॅनल सोडून काहीच दिसत नाही. ऑटोप्ले बंद केलं. सेटिंगमध्ये शिरताना मोठ्यांची खूण म्हणून गुणाकाराचं गणित येतं. चौथीतला माझा भाचा पाढे घडाघडा म्हणतो हे आठवलं आणि लगेच स्वतःचा पासकोड घातला.

आणि मग समोर आली रिकामी यादी. वाईट ते गाळायचं, एवढंच तोवर माझ्या डोक्यात होतं. चांगलं काय, हे मी कधी ठरवलंच नव्हतं. पहिली भर पडली ती अरविंद गुप्तांच्या टाकाऊतून खेळण्यांची. मनूने स्ट्रॉची पिपाणी केली. टोक चपटं करायचं, दोन्हीकडून तिरकं कापायचं आणि फुंकायचं. फुंकता फुंकता कात्रीने स्ट्रॉ आखूड करत गेलं की सूर चढत जातो. चार दिवस घरात पिपाण्या वाजत होत्या आणि टॅब चार्जिंगला पडून होता.

आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या फोनचं काय, हा प्रश्न मात्र राहिलाच. त्या मनूला भरवताना आपला फोन समोर ठेवायच्या. मी जरा तोडूनच म्हटलं, "आई, तुमच्या फोनवर काहीही लागतं. नका देऊ ना तिला."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, मी निदान शेजारी बसून तिच्याबरोबर बघते. तू लावून देतेस आणि आत जातेस."

मला उत्तर देता आलं नाही. त्या अकरा व्हिडिओंपैकी एकाही वेळी मी तिच्याजवळ नव्हते. मग त्यांनी माहेरकडची गोष्ट काढली. आईंचं माहेर कडेगाव तालुक्यातलं. तिथल्या मोहित्यांच्या वडगावात 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद होतात. "तिथं काय नुसती पोरांनीच बंद करायची असं नाही. थोरांनीबी करायची," त्या म्हणाल्या. माहेरचा विषय निघाला की त्यांची बोली अशी बदलते.

त्या रात्री यादी करायला आम्ही दोघी बसलो. त्यांनी चाकावर मडकं घडवणारा कुंभार सुचवला, आणि वाघ्या-मुरळीचं जागरण. एकही शब्द न बोलता मडकं घडतं तो कुंभाराचा व्हिडिओ मनूने आतापर्यंत सर्वांत जास्त वेळा बघितलाय. आईंच्या फोनवर मी ॲप पिन करायची सोय लावून दिली. आता त्यांनी लावलेल्या ॲपमधून पिन घातल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. जेवताना फोन मात्र त्यांनी आपणहून बंद केला. दिवेलागणीला देवापाशी दिवा लागला की तिघींचेही फोन टीव्हीखालच्या कप्प्यात जातात. पहिला आठवडा सगळ्यात जड मला गेला. ऑफिसचा निरोप आला असेल असं वाटून हात सारखा कप्प्याकडे जायचा.

मनूला हे सगळं सांगून केलं होतं. "दातवाला परत येऊ नये म्हणून," एवढं तिला पुरलं. चिडलीही. शाळेत मैत्रिणी म्हणतात ते हिच्या टॅबवर नसतं, आणि ते दुःख खरं आहे. त्यावर तोडगा तिनेच काढला. कॅलेंडरच्या मागच्या पानावर हवं असलेलं लिहायचं, मी ते शेवटपर्यंत बघायचं आणि मग हो किंवा नाही सांगायचं. 'नाही' म्हटलं तर कारण द्यावं लागतं. एकदा माझ्याकडे नीट कारण नव्हतं, तेव्हा तो व्हिडिओ यादीत घ्यावा लागला.

सध्या त्या पानावर तिच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत तीन नोंदी आहेत: गोगलगाय काय खाते, ट्रकचा टायर, आणि 'दात पडतो तेवा काय होत'. तिचा समोरचा एक दात हलतोय. हा तिसरा शोधायला मी काल दीड तास घालवला. दोन मिळाले, त्यातला एक आज रात्री आम्ही दोघी मिळून बघणार आहोत.