केडगांवचें एक घर

गेल्या दिवाळींत आमच्या वृद्ध काकू सहज बोलून गेल्या, "तुमच्या घरीं मला कांहीं कमी नाहीं हो!" काकूंचें वय चौऱ्यायशी. काका फार लवकर गेले, अपत्य नाहीं. पासष्ट वर्षें मात्र त्यांनीं याच घरांत काढिलीं. ताट वेळेवर, औषध वेळेवर, माजघरामागची खोली स्वतंत्र. आणि तरीही घर 'तुमचें'! तो शब्द आमच्या मनांत कित्येक दिवस सलत होता.

अशा मनःस्थितींत केडगांवास जाण्याचा योग आला. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी लोणी, उरुळी, यवत हीं स्टेशनें मागें टाकून केडगांवास पोहोंचते. पंडिता रमाबाईंनीं वसविलेलें 'मुक्ति' तें येथेंच.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. पिते अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें आणि त्या माउलीनें कन्येस. पुढें दुष्काळांत आई, वडील व थोरली बहीण गेलीं. १८८० सालीं बंधु श्रीनिवास व १८८२ सालीं पतीही निवर्तले. पदरीं उरली ती तान्ही मनोरमा. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. १८८९ सालीं मुंबईस त्यांनीं शारदासदन काढिलें. अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकीं. पुढें सदन पुण्यास आलें. परंतु धर्मांतराच्या धास्तीनें १८९३ सालीं कित्येक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. त्यानंतरच्या दुष्काळांत मध्यप्रांत व गुजराथेंतून निराश्रित स्त्रिया व मुली शेंकड्यांनीं केडगांवास आल्या. जिला स्वतःचें म्हणावें असें माणूस क्वचितच उरलें होतें, तिनेंच त्यांना घर दिलें. तेथें कोणी विणीत, कोणी शेत पाहत, कोणी छापखान्यांत खिळे जुळवीत. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून केलेलें बायबलचें मराठी भाषांतर याच स्त्रियांच्या हातून छापलें गेलें. १९२२ सालीं रमाबाई वारल्या. त्यांची समाधि येथेंच आहे.

येशू ख्रिस्ताचा एक दृष्टान्त प्रसिद्ध आहे. "माझा शेजारी कोण?" असें एका शास्त्र्यानें विचारिलें. तेव्हां त्यानें लुटारूंनीं अर्धमेला करून टाकिलेल्या वाटसरूची गोष्ट सांगितली. धर्माचे अधिकारी त्यास टाळून गेले. परक्या शोमरोनी मनुष्यानें त्याच्या जखमा बांधिल्या. तात्पर्य, शेजार भिंतीनें ठरत नाहीं. कळवळ्यानें जो जवळ जातो तो शेजारी होतो. आम्ही ख्रिस्ती नाहीं. परंतु ही शिकवण समजण्यास धर्म बदलावा लागत नाहीं.

आवारांत एका झाडाखालीं दोन वृद्ध बाया तांदूळ निवडीत होत्या. एक पाखडी, दुसरी अंध, ती बोटांनीं चाचपून खडे काढी. "आपण बहिणी काय?" आम्हीं विचारिलें. अंध बाई हंसून म्हणाली, "रक्ताच्या नाहीं; पण पन्नास वर्षें भांडतों आहों, तेव्हां बहिणीच म्हणा. हिला खडा दिसत नाहीं, मला लागतो!"

परतीच्या गाडींत आमच्या चुकीचा उलगडा झाला. त्या अंध बोटांवांचून तेथील तांदूळ अडत होते. आम्हीं काकूंस सर्व कांहीं दिलें. त्यांच्यापाशीं मागितलें मात्र कधींच कांहीं नाहीं. ज्या घरांत आपल्यावांचून कांहींच अडत नाहीं, तें घर आपलें कसें वाटावें? वाचकहो, भरल्या घरांतही माणूस असा निराश्रित होऊं शकतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं काकूंस पुढें माजघरांत बोलाविलें. सूनबाईंनीं मेथीची जुडी त्यांच्यापुढें ठेविली व म्हटलें, "काकू, एवढी निवडून द्या, मला दुसरीं कामें आहेत."

काकूंनीं पदर सांवरून सभोंवार पाहिलें व हळूच विचारिलें, "आज कोणी पाहुणे यायचे आहेत का?"

आमची मान खालीं गेली. काकू मात्र तोंवर निवडूं लागल्या होत्या.