राणीला सवड नव्हती

शार्ल पेरॉच्या 1697 सालच्या पुस्तकात निळ्या दाढीच्या श्रीमंताची गोष्ट आहे. तो बायकोच्या हाती घरभरच्या किल्ल्या देतो आणि एकच खोली उघडू नको म्हणतो. ती उघडते. आत त्याच्या आधीच्या बायकांची प्रेतं असतात. किल्लीला लागलेलं रक्त घासूनही जात नाही. एवढं सांगून पेरॉ तात्पर्यात बोल लावतो तो बाईच्या जिज्ञासेला! मला हे कधीच पटलं नाही. खोली उघडली म्हणून तर तिला नवरा कळला.

देगलूरला मी जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांवर कापडाचे तुकडे जोडून गोष्टी शिवते. चातुर्मासातल्या कहाण्यांकडे वळले ती या किल्लीमुळेच. आपल्या कहाण्यांत कुणीतरी थांबून विचारतं, हा वसा कसला, आणि तिथून भाग्य फिरतं. आदित्यराणूबाईच्या कहाणीत तर बाप लेकींकडे जाऊन कहाणी ऐका म्हणतो. थोरली, राणी झालेली, म्हणते, राजा शिकारीला निघालाय, मला वेळ नाही. तिला दारिद्र्य येतं. प्रधानाघरची धाकटी ऐकते, तिचं भरभराटतं. म्हणजे इथे शिक्षा आहे ती न ऐकण्याला.

पण न ऐकणारी बाई कापडावर दाखवायची कशी? मान वळवलेली केली, तर ती दुसरं काही निरखते आहे असं वाटायचं. जवळच्या होट्टलला चालुक्यकाळातल्या सिद्धेश्वर मंदिरावरच्या सुरसुंदरी पाहा, त्यांच्या नुसत्या मानेच्या वळणात केवढं कुतूहल आहे! अखेर राणीला चुलीपुढे समोरासमोर बसवलं, दोन्ही हात पिठात. बाप दारात उभा, अगदी लहान. माझ्याबरोबर दोरे घालणाऱ्या एक आजी ते बघून म्हणाल्या, “तिला सवड कुठं हाय गं माय!” तेव्हापासून मला ती गर्विष्ठ वाटेनाशी झाली. कहाणी तिच्यावर जरा कठोरच आहे.

गोधडीचे टाके कडेने सुरू करून फेऱ्या घालत मध्याकडे न्यायचे असतात. त्यामुळे राणीच्या तोंडापाशी पोचायला वेळ लागतो, आणि तोवर तिच्याबद्दलचं मत बदलायला जागा राहते. लुगड्यावर जुना डाग निघाला तर मी तो झाकत नाही. किल्लीसाठी तसंच एक डागाळलेलं कापड काढून ठेवलंय. पुढची गोधडी पेरॉच्या त्या बायकोची आहे. तिच्या गोष्टीतली बंद खोली मी उघडीच शिवणार आहे, आणि आतल्या प्रत्येक बाईला वेगळ्या लुगड्याचं कापड लावणार आहे.